समोरून क्वासार, बाजूने दीर्घिका

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोल्हापूरकरांना किरणोत्सव म्हणजे काय ते सांगायला नको. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीस, आणि पुन्हा नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना, मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यात अंबाबाईच्या चरणांपासून वर वर चढत जातात. ढग आले किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली तर ती पोचत नाहीत, हेही आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. आता असे समजा की कुणी परगावचा माणूस मे महिन्यात संध्याकाळी आला आणि म्हणाला, 'या गाभाऱ्यात ऊन येत नाही.' त्याचे खोटे नाही. सूर्य तोच, देऊळ तेच. फरक पडला तो केवळ दिशेचा.

खगोलशास्त्राच्या इतिहासात असाच एक प्रसंग घडला, आणि तो दोन-चार दिवस नव्हे, चांगला पंचवीस वर्षे चालला. आकाशातल्या एकाच प्रकारच्या वस्तूला दोन नावे पडली, दोन याद्या झाल्या आणि त्यांवर दोन वेगवेगळे विचार सुरू झाले. एक नाव रेडिओ दीर्घिका आणि दुसरे क्वासार. या दोन याद्या एकत्र कशा आल्या, त्यात आपल्याकडच्या माणसांचा वाटा काय होता आणि कोल्हापुरात जन्मलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने त्या काळात वेगळी वाट का धरली, हे आज सांगायचे आहे.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आपले खासबाग मैदान बशीसारखे आहे. कुठेही बसा, मधला आखाडा दिसतो. शिवाय पकड नीट दिसली नाही तर उठून दुसऱ्या बाजूला जाता येते. विश्वात आपली बसायची जागा एकच, आणि ती सोडून उठता येत नाही. शंभर कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या वस्तूला वळसा घालून तिची दुसरी बाजू पाहणे कुणालाही शक्य नाही. मग ती बाजूने कशी दिसत असेल हे कळायचे कसे?

पहिली नोंद १९५३ सालची. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि आपले मृणाल कुमार दासगुप्ता हे दोघे तरुण हंस तारकासमूहातल्या एका अतिप्रखर रेडिओ स्रोताचे मोजमाप करत होते. त्याचे नाव सिग्नस ए. सगळ्यांची अपेक्षा होती की रेडिओलहरींचा तो एक गोळा असेल. निघाले दोन. मध्ये जवळजवळ काही नाही आणि दोन्ही बाजूंना दोन ढग, डमरूसारखे. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी तिथे एक दूरची दीर्घिका असल्याचे प्रसिद्ध केले. दीर्घिका मध्ये आणि तिच्या बाहेर, दोन्ही अंगांना, लाखो प्रकाशवर्षांवर रेडिओलहरी सोडणारे ढग. अशा अनेक दीर्घिका पुढे सापडल्या आणि त्यांना रेडिओ दीर्घिका म्हणू लागले. दासगुप्ता नंतर कलकत्त्याला परतले. या शोधाबरोबर त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे, असे मला शिकवताना नेहमी वाटे.

दुसरी नोंद १९६३ सालची. थ्रीसी २७३ नावाचा रेडिओ स्रोत १९६२ साली चंद्रामागे झाकला गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने त्याची नेमकी जागा टिपली. त्या जागी साधा तारा दिसत होता. मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या रेषा जवळजवळ सोळा टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकलेल्या आढळल्या. यालाच ताम्रसृती म्हणतात. तिचा नेहमीचा अर्थ लावला तर हा 'तारा' दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर होता. एवढ्या अंतरावरून साध्या दुर्बिणीला दिसायचे तर त्याने आपल्या संपूर्ण आकाशगंगेहून कितीतरी पट जास्त प्रकाश ओतला पाहिजे, आणि तोही एका ठिपक्याएवढ्या जागेतून! तारा नाही पण ताऱ्यासारखा दिसतो, म्हणून क्वासार.

म्हणजे चित्र असे झाले. रेडिओ दीर्घिकेत दोन मोठे ढग आणि मध्ये साधीशी दीर्घिका. क्वासारमध्ये मधला ठिपका डोळे दिपवणारा आणि वर्णपटात रुंद, ठसठशीत रेषा. कुणालाही या दोन जाती निराळ्याच वाटाव्यात. वाटल्याही.

याच सुमारास केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर एक मराठी तरुण काम करत होता. जयंत विष्णू नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही मूळचे कोल्हापूरचेच. ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत, म्हणून जयंतरावांचे बालपण बनारसला गेले. १९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यात त्यांनी आयुका उभी केली. मे २०२५ मध्ये ते गेले. क्वासारांची ताम्रसृती खरोखरच अंतर सांगते का, ही शंका त्यांनी शेवटपर्यंत जपली. ती हट्टातून आलेली नव्हती. त्या वेळी समोर आलेले एक कोडे खरोखर चमत्कारिक होते.

ते कोडे असे. १९७१ साली अमेरिकेत हजारो किलोमीटर अंतरावरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून काही क्वासारांच्या गाभ्याचे बारीक वेध घेतले गेले. गाभ्यातले तुकडे एकमेकांपासून दूर सरकताना दिसले. थ्रीसी २७३ चेच पाहा. पुढे १९७७ ते १९८० या तीन वर्षांत त्याच्यातला एक तुकडा सुमारे २५ प्रकाशवर्षे सरकल्याचे दिसले. तीन वर्षांत पंचवीस प्रकाशवर्षे म्हणजे प्रकाशाच्या आठपट वेग! आइन्स्टाइन तर सांगून गेले की प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काहीच जात नाही.

एक उत्तर होते की क्वासार मुळात एवढे दूर नाहीतच. ते जवळ असतील तर सरकण्याचे अंतरही लहान होते आणि वेगाचे कोडे सुटते. नारळीकरांना ही शक्यता विचारात घ्यावी असे वाटे. दुसरे एक उत्तर त्यांनी आणि शशिकुमार चित्रे यांनी १९७९ साली मांडले. आपल्या आणि क्वासारच्या मध्ये एखादी दीर्घिका असेल, तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश भिंगातून वाकावा तसा वाकत असेल आणि मागची साधी हालचाल मोठी होऊन दिसत असेल. योग असा की गुरुत्वीय भिंगामुळे एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा दिसल्याचे पहिले उदाहरणही त्याच वर्षी सापडले. भिंग ही कल्पना तर खरी ठरली, पण सरकणाऱ्या प्रत्येक तुकड्यापुढे नेमक्या जागी भिंग मांडायचे म्हणजे फारच योगायोग मागावे लागतात. म्हणून ते उत्तर टिकले नाही.

टिकले ते तिसरे उत्तर. ते मार्टिन रीस यांनी १९६६ साली, म्हणजे हे निरीक्षण होण्याच्या पाच वर्षे आधीच, देऊन ठेवले होते. ते समजायला शाळेचे गणित पुरते, म्हणून मी ते इथे करून दाखवतो.

समजा, क्वासारच्या गाभ्यातून एक तुकडा प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने निघाला. तो जवळजवळ आपल्याच दिशेने येतो आहे, सरळ रेषेपासून फक्त आठ अंश बाजूला. शंभर प्रकाशवर्षे जायला त्याला १०१ वर्षे लागली. या प्रवासात तो आपल्याकडे ९९ प्रकाशवर्षे जवळ आला आणि बाजूला १४ प्रकाशवर्षे सरकला. निघताना त्याने सोडलेला प्रकाश आणि पोचल्यावर सोडलेला प्रकाश यांच्यात १०१ वर्षांचे अंतर आहे खरे, पण दुसऱ्या प्रकाशाला ९९ प्रकाशवर्षे कमी चालायचे आहे. म्हणजे आपल्यापर्यंत ते दोन्ही फक्त दोन वर्षांच्या फरकाने पोचणार. आपल्याला काय दिसले? दोन वर्षांत १४ प्रकाशवर्षे. प्रकाशाच्या सातपट! आइन्स्टाइनला कुठेही धक्का लागला नाही. तुकडा आपल्याच प्रकाशाच्या मागोमाग धावत होता, एवढेच.

इथे कोन आठ अंशांचा घेतला म्हणून हे जमले. तोच तुकडा आडवा गेला असता तर काही विशेष दिसले नसते.

याच गणिताचा दुसरा भाग प्रखरतेचा आहे. एवढ्या वेगाने आपल्याकडे येणारी वस्तू आपला प्रकाश पुढच्या दिशेला एकवटून फेकते. रात्री आंबा घाटातून येताना समोरच्या मोटारीचे दिवे वळणावर डोळ्यांत येतात तेव्हा मोटार लहान की मोठी तेही कळत नाही, नुसता झगमगाट दिसतो. ती वळली की मग कळते, हा तर टेम्पो होता. वरच्याच उदाहरणात क्वासारच्या दोन बाजूंना सारखेच दोन झोत निघत असतील, तर आपल्याकडे येणारा झोत दूर जाणाऱ्या झोतापेक्षा हजारो पट प्रखर दिसेल. दुसरा दिसणारच नाही. एम ८७ या दीर्घिकेतून एकाच बाजूला निघालेला प्रकाशाचा सरळ पट्टा हेबर कर्टिस यांनी १९१८ सालीच नोंदला होता. तो एकाच बाजूला का, याचे उत्तर मिळायला एवढी वर्षे लागली.

यावर शंका घेणाऱ्यांचा आक्षेप होता आणि तो वाजवी होता. झोत नेमके आपल्याकडेच रोखलेले का असावेत? पृथ्वीने असे काय केले आहे? आठ अंशांच्या आत येणारे झोत हिशोबाने शंभरात एखादेच असणार. यावर उत्तर असे की जे आपल्याकडे रोखलेले आहेत तेच प्रखर दिसतात, आणि जे प्रखर दिसतात तेच दुर्बीण आधी टिपते. घाटात उभे राहून गाड्या मोजल्या तर डोळ्यांवर येणारे दिवेच जास्त मोजले जाणार. मग उरलेले नव्याण्णव कुठे आहेत? कारण ते असलेच पाहिजेत. खरा प्रश्न हा होता आणि पुढची दहा वर्षे तो शोध चालला.

पहिला प्रयत्न फसला. १९७९ साली पीटर शॉयर आणि अँथनी रीडहेड यांनी सुचवले की आकाशात असे पुष्कळ क्वासार आहेत जे रेडिओलहरी फारशा सोडत नाहीत. आपल्याकडे न रोखलेले ते हेच असतील. कल्पना सुबक होती, पण चूक निघाली. झोत कुठेही रोखलेला असला तरी त्याने बाहेर फुगवलेले ते दोन मोठे ढग कुठे जाणार? ढगांची गती मंद असते, त्यांच्या लहरी सगळ्या दिशांना सारख्याच पसरतात. ते दिसायलाच हवेत. मुके क्वासार खरोखरच मुके होते.

ही ढगांची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आपल्याकडच्या दुर्बिणींचे महत्त्व तिच्यात आहे. उंच कंप्रतेवर आकाश पाहिले तर रोखलेले झगमगते गाभेच यादीत शिरतात. खालच्या कंप्रतेवर, म्हणजे लांब लहरींवर पाहिले तर ढग ठळक दिसतात आणि सगळ्या दिशांच्या स्रोतांना यादीत सारखीच संधी मिळते. गोविंद स्वरूप यांनी टाटा संस्थेत जो गट उभा केला त्याने हेच क्षेत्र धरले. सुरुवात मुंबईजवळ कल्याणला झाली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या बत्तीस लहान थाळ्यांची दुर्बीण तिथे १९६५ साली सूर्याचे वेध घेऊ लागली. मग १९७० साली उटीजवळ डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, अकरा अंशांचा, निवडलेला, त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर आला आणि एकाच अक्षावर फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास पकडून ठेवता येऊ लागला. डोंगराचा इतका चतुर उपयोग क्वचितच कुणी केला असेल. चंद्र स्रोताला झाकतो त्या वेळी लहरी कशा कमी होत जातात हे टिपून तिने शेकडो स्रोतांची रचना सांगितली.

जाता जाता सांगतो, याच दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ साली दाखवले की दूरचे, म्हणजे जुन्या काळातले, रेडिओ स्रोत आजच्यासारखे नव्हते. विश्व बदलत आले आहे. हे हॉइल आणि नारळीकरांच्या स्थिर विश्वाच्या बाजूचे नव्हते. नारळीकर तेव्हा त्याच संस्थेत होते! एकाच छपराखाली असे मतभेद नांदले याचे मला कौतुक वाटते.

याच विजय कपाहींनी धृबज्योती सैकिया यांच्याबरोबर १९८२ साली आपल्या विषयातला महत्त्वाचा निबंध लिहिला. विचार साधा होता. काठी समोरून पाहिली तर आखूड दिसते आणि बाजूने पाहिली तर लांब. क्वासारच्या दोन ढगांमधले अंतर ही आपली काठी. झोत आपल्याकडे रोखलेला असेल तर गाभा प्रखर दिसेल आणि त्याच वेळी काठी आखूड दिसेल. मग ज्यांचा गाभा ढगांच्या तुलनेत प्रखर, ते क्वासार सरासरीने आखूड दिसले पाहिजेत. त्यांनी दोन ढगांचे क्वासार गोळा करून हे तपासले आणि तसेच आढळले. शिवाय प्रखर गाभ्याचे क्वासार जास्त वाकडेही दिसले. तेही बरोबरच आहे. किंचित वाकलेली काठी टोकाकडून पाहिली की तिचा बाक फार मोठा वाटतो. एकेका क्वासारचा कोन मोजता येत नव्हता, पण पुष्कळ एकत्र घेतल्यावर कोनाचा माग लागला. जागा सोडून न उठता वस्तूला वळसा घालण्याची ही पहिली युक्ती. एक वस्तू सगळीकडून पाहता येत नाही ना, मग तशाच पुष्कळ वस्तू पाहा. त्या वेगवेगळ्या अंगांनी उभ्या असणारच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑर आणि ब्राऊन यांनीही वेगळ्या हिशोबाने याच दिशेचे निष्कर्ष काढले.

तरी ही सगळी क्वासारांची आपसातली गोष्ट झाली. रेडिओ दीर्घिका अजून दुसऱ्या यादीतच होत्या. त्या दोन याद्या जोडल्या हॉलंडच्या पीटर बार्टेल यांनी. त्यांना एक गोष्ट खटकत होती. ढग असलेले क्वासार तरी सर्व दिशांना तोंड करून असायला हवेत. पण ज्याला पाहावे त्याचा झोत एकाच बाजूचा, ज्याला मोजावे त्याचे तुकडे प्रकाशाहून जलद. सगळेच आपल्याकडे झुकलेले. मग आडवे क्वासार गेले कुठे?

१९८९ साली त्यांनी उत्तर दिले. आडवे क्वासार कुठेही गेले नाहीत. ते दुसऱ्या यादीत रेडिओ दीर्घिका या नावाने बसले आहेत. केंब्रिजच्या जुन्या, खालच्या कंप्रतेवरच्या यादीतून त्यांनी ठरावीक अंतरांमधले ४२ स्रोत घेतले. त्यांत ३० रेडिओ दीर्घिका आणि १२ क्वासार होते. सगळे एकच असतील आणि वाटेल त्या दिशेला तोंड करून असतील, तर ४२ पैकी १२ दिसायला दृष्टिरेषेपासून सुमारे ४४ अंशांपर्यंतचे स्रोत क्वासार ठरतात, त्यापलीकडचे दीर्घिका. मग काठीचा नियम लावला की क्वासार दीर्घिकांच्या जवळजवळ निम्मे लांब दिसायला हवेत. मोजले तर दीर्घिका दुपटीच्या आसपास लांब भरल्या. मला या निबंधातली ही जागा फार आवडते. संख्येवरून काढलेला कोन आणि लांबीवरून काढलेला कोन, या दोन स्वतंत्र हिशोबांची बेरीज एकच आली.

आता ४४ अंशांच्या पलीकडे क्वासारचा झगझगीत गाभा दिसत का नाही? तर तिथे आडोसा आहे. पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका खाली कापडाची चुंबळ ठेवत. गाभ्यातल्या अजस्र कृष्णविवराभोवती धूळ आणि वायू यांची तशीच एक जाड चुंबळ असते. चुंबळीच्या भोकातून वरून किंवा खालून पाहिले तर आतला दिवा सरळ डोळ्यांत येतो, आणि झोतही तिथूनच निघतात. बाजूने पाहिले तर दिवा चुंबळीआड. मग दिसते ती भोवतालची दीर्घिका आणि लांबवरचे दोन ढग.

हे कितीही पटले तरी आकडेवारीवर काढलेले अनुमानच होते. आड दडलेला दिवा प्रत्यक्ष दाखवता येईल का? इथे दुसरी युक्ती कामाला आली. आपण उठून पलीकडे जाऊ शकत नाही, पण पलीकडे आरसा असेल तर? चुंबळीच्या वर वायूचे पातळ ढग तरंगत असतात. दिव्याचा प्रकाश त्यांवर पडून आपल्याकडे उसळतो. असा उसळलेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची आंदोलने ठरावीक दिशेला जास्त असतात. म्हणून तो वेगळा गाळून पाहता येतो. १९८५ साली रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ या जवळच्या दीर्घिकेचा ध्रुवित प्रकाश गाळला आणि त्यात रुंद रेषा दिसल्या. सरळ पाहताना त्यांचा पत्ता नव्हता. ती रेडिओ दीर्घिका नव्हती, तिचा गाभाही त्या मानाने सौम्य, पण आडोशामागे दिवा असू शकतो हे आरशात दिसून गेले.

इथवर सगळे सुरळीत वाटते. तसे नव्हते. भांडणे पुढेच झाली, आणि त्यांत भारतीय माणसे दोन्हीकडे होती. १९९३ साली अशोक सिंगल यांनी दाखवले की बार्टेल यांनी घेतलेल्या अंतरांच्या बाहेर, विशेषतः जवळच्या स्रोतांमध्ये, लांबीचा हिशोब जुळत नाही. तिथे क्वासार दीर्घिकांपेक्षा आखूड नाहीतच. एकीकरणाच्या विरुद्ध पुरावा म्हणूनच त्यांनी तो मांडला. १९९६ साली गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की चुंबळीचे भोक सगळीकडे सारखेच कशाला धरायचे? जोमदार स्रोताचे ते मोठे असेल, आणि स्रोत काळाबरोबर वाढतही असतो. हे हिशोबात घेतले तर आकडे जुळू शकतात. शिवाय १९९४ साली लैंग यांच्या गटाने एक निवड सुचवली होती. काही रेडिओ दीर्घिकांचा वर्णपट अगदी मंद असतो. त्यांच्या आड बहुधा क्वासार नाहीच. त्यांना आधी बाजूला काढले पाहिजे. जवळच्या स्रोतांत अशांचा भरणा मोठा. माझे मत विचाराल तर सिंगल यांचा आक्षेप फार उपयोगी पडला. त्याच्यामुळेच कळले की सगळ्या रेडिओ दीर्घिका म्हणजे आडवे क्वासार नव्हेत. जोमदार आहेत त्या बहुतांशी आहेत. दुबळ्यांपैकी पुष्कळांचा स्वभावच वेगळा आहे. कोनाने बरेच उलगडते, सगळे नाही.

नव्वदच्या दशकातले पुण्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले की गंमत वाटते. विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र शेजारी शेजारी. एकीकडे रूढ ताम्रसृतीवर शंका घेणारे नारळीकर, दुसरीकडे तीच ताम्रसृती धरून काठ्या मोजणारे कपाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची जीएमआरटी तेव्हा उभी राहत होती. पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेली ही दुर्बीण मुद्दाम लांब लहरींसाठीच बांधलेली, म्हणजे ढग पाहण्याची. स्वरूप यांच्यानंतर तिची धुरा कपाहींकडे होती. १९९९ साली त्यांचे अकाली निधन झाले. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला सर्वांना प्रवेश असतो. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो आहे. पोरांना थाळ्यांच्या आकाराचेच नवल वाटते, पण त्या थाळ्या भरीव नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत, वारा आरपार जातो आणि म्हणून त्या स्वस्तात झाल्या, हे सांगितले की मुले वर पाहतच राहतात.

आता शेवटचा पुरावा. १९९७ साली पॅट्रिक ओगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईमधल्या केक दुर्बिणीने सिग्नस ए कडे पाहिले. जेनिसन आणि दासगुप्ता यांनी १९५३ साली दोन तुकडे करून दाखवलेली हीच ती, रेडिओ दीर्घिकांमधली सगळ्यांत गाजलेली. तिचे झोत बऱ्याच अंशी आडवे आहेत आणि गाभ्यासमोर दाट धूळ आहे. त्यांनी तिचा ध्रुवित प्रकाश गाळला. त्यात हायड्रोजनची रुंद रेषा होती, क्वासारमध्ये असते तशी. चव्वेचाळीस वर्षे जिला सगळे रेडिओ दीर्घिका म्हणत आले तिच्या पोटात क्वासार होता. तिच्या झोताच्या रेषेत पलीकडे कुठे एखादी दीर्घिका असेल आणि तिथे कुणी दुर्बीण लावून बसले असेल, तर त्यांच्या यादीत तिची नोंद क्वासार अशीच असणार.